पुसलेली राख

आमच्या घरी चुलीतली राख दोन कामांसाठी ठेवली जायची. एक भांडी घासायला, दुसरी घळीत न्यायला. भांड्यांची राख परसात फुटक्या डब्यात पडलेली असे. घळीची राख मात्र आई चाळून घ्यायची. तिच्यात कोळशाचा कण राहिला तर बाबांची कुरकुर ऐकावी लागे. बाबांच्या जुन्या शर्टाची बाही कापून, एक तोंड शिवून तिने पिशवी केली होती. त्या पिशवीत राख, खिशात एक फडकं आणि हातात बॅटरी. एवढं घेतलं की बाबा घळीत जायला तयार.

घळ म्हणजे गुहा. कुडपणच्या अंगाला डोंगरावर आमची वाडी आहे. वीसेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, माणसं मुंबईत. वाडीच्या वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आहे आणि त्या सड्याच्या पोटात ही घळ. बाहेरून बघितलं तर करवंदीच्या जाळीमागे माणूस बसून आत सरकेल एवढं भोक. आत गेलं की उभं राहता येतं, मग परत सरपटावं लागतं आणि मग वाटा फुटायला लागतात. चार ठिकाणी, चार तिठ्यांवर फुटतात. कुठे दोन तोंडं, कुठे तीन, सगळी लालसर, भोकाभोकांची, एकीसारखी एक. चुकीच्या तोंडात शिरलं तर वाट फिरून भलत्याच जागी आणून सोडते, नाहीतर अरुंद होत होत संपते आणि वळायलाही जागा राहत नाही.

या घळीत शेवटापर्यंत गेलेला पहिला माणूस म्हणजे माझे बाबा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्या कागदावर ते लिहिलेलं नाही.

बाबा लग्नाआधी मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होते. राहायला एक खोली आणि तीत अकरा गाववाले. पाळीपाळीने झोपायचे. एक वर्ष शिमग्याला घरी आले ते परत गेलेच नाहीत. आजही कोणी विचारलं तर म्हणतात, "त्या खोलीत कूस बदलायची तर शेजारच्याला विचारायला लागायचं. मला कोंडल्यावानी व्हायचं." आणि असा माणूस घळीत शिरला. त्या वर्षी साळिंदराने आमचा सुरणाचा वाफा उकरला होता. त्याच्या मागावर बाबा कोयता आणि पेटता टेंभा घेऊन करवंदीच्या जाळीपर्यंत गेले, आणि साळिंदर आत गेलं म्हणून तेही गेले. साळिंदर सापडलं नाही. बाबा दुपारी बाहेर आले, अंगभर लाल माती, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. वाडीत म्हणायला लागले, याला झपाटलंय. तीन वर्षं लागली त्यांना सगळ्या वाटा कळायला.

आतल्या जागांना त्यांनी नावं दिली ती घराची. त्यांना दुसरी कुठली नावं सुचणार? पहिली मोठी जागा ती ओटी. सरपटून पलीकडे गेलं की माजघर. मग चढून जायचा तो माळा. आणि सगळ्यांत शेवटी, जिथे वरून बारा महिने पाणी ठिबकतं आणि घोट्याएवढं साचून राहतं, ती न्हाणी. पुढे शहरातली माणसं यायला लागली, दोरखंड, हेल्मेटं घेऊन. ती आपापसात इंग्रजीत काय काय बोलायची, आणि बाबा पुढून ओरडायचे, "चला, माजघरात जेवायला बसू नका, अजून न्हाणी राह्यली हाय." लोक हसायचे. बाबाही हसायचे.

राखेची रीत त्यांचीच. वाट फुटते तिथे, आपण ज्या तोंडातून आलो त्या तोंडाशी, डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर तीन बोटांनी राखेचा पट्टा ओढायचा. परत येताना तो पट्टा शोधायचा आणि त्या तोंडात शिरायचं. आणि शिरताना, सगळ्यांत मागे जो असेल त्याने ओल्या फडक्याने तो पट्टा पुसून टाकायचा. जाताना थोरला पुढे, येताना थोरला मागे, म्हणजे ओढणं आणि पुसणं दोन्ही बाबांकडेच. पुसल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पट्टे तसेच राहिले तर उद्या कोणीही उठून आत जाईल आणि बाबांना विचारणार कोण? वाडीतल्या एकालाही ओटीच्या पलीकडची वाट माहीत नव्हती. ते आमच्या घराचं मोठेपण होतं. आम्ही त्याला तसंच समजत होतो.

मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. महाडच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झाले. पहिली दोन वर्षं पहाटेची एसटी धरायला घाट उतरून जायचे, तिसऱ्या वर्षी महाडला एका मैत्रिणीच्या घरी राहिले. पदवीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून आईने देव्हाऱ्याशेजारी लावला आहे. आणि एवढं करून मी परत वाडीत आले. सरकारी परीक्षांचे फॉर्म भरत होते, निकालांची वाट बघत होते, आणि तोवर बाबांचा गुडघा दुखायला लागला म्हणून त्यांच्याबरोबर घळीत जायला लागले. एक सीझन गेला, दुसरा गेला. पाणवठ्यावर शेजारची काकी म्हणायची, "काय गो, बी.ए. झालीस आनि बापाच्या मागनं रांगतेस?"

मी म्हणायचे, "रांगते काकी, पण बॅटरी धरून."

बायका हसायच्या. मी हंडा उचलून चालायला लागायचे. पण रांगते हा शब्द डोक्यातून जायचा नाही. वाडीत सकाळी उठून घळ, घळीतून आलं की अंगाची माती धुणं, मग मोबाईलला रेंज मिळते त्या दगडावर जाऊन निकाल लागला का बघणं. निकाल लागलेला नसायचा. मला वाटायचं, मी घळीच्या बाहेर येतच नाहीये.

मग मी नकाशा काढायचं ठरवलं. कॉलेजात आम्हाला होकायंत्र घेऊन पटांगण मोजायला शिकवलं होतं. होकायंत्राने दिशा बघायची, पावलांनी अंतर, आणि कागदावर रेघ ओढायची. माझा नकाशा सगळ्यांत नीट आला म्हणून सरांनी तो फळ्यावर लावला होता. एका मैत्रिणीच्या भावाने मला मुंबईहून होकायंत्र आणून दिलं. मी घळीत शिरले की लोकांना पुढे जाऊ द्यायचे आणि पटकन वहीत लिहून घ्यायचे. चार-पाच फेऱ्यांत चारही तिठे कागदावर आले. बाबांनी एकदा पकडलंच.

"काय लिवतेस गो?"

"नकाशा काढते घळीचा."

"कशाला?"

"उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होतंय? आनि झालं तर तू हायस."

"मी काय जन्मभर घळीतच राहू?"

बाबांनी कान खाजवला. राग आला की ते कान खाजवतात. "कागदावर आली की घळ आपली नाय राह्यली. मुंबईचा कोन पन तो कागद घेऊन येल आनि तुला म्हनंल, बाजूला हो बाय."

"आणि तुमची राख? पावसाळ्यात राख ओली होते, चिकटत नाही. कागद कधी चुकत नाही."

"कागद चुकत नाय," बाबा आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?"

आई म्हणाली, "मला कशाला विचारता? दोघं भांडा आनि भाकऱ्या थंड करा."

गोष्ट तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

दरवर्षी पाऊस संपला की, लोकांना आत न्यायच्या आधी बाबा एक फेरी मारतात. पावसाने कुठे दगड सुटलाय, कुठे पाणी जास्त साचलंय, ते बघायला. त्या वर्षी नवरात्र उरकल्यावर आम्ही दोघंच गेलो. सकाळची न्याहारी करून निघालो. बाबा पुढे, मी मागे. माझ्या खिशात वही होती, होकायंत्र होतं, एक फडकं होतं, आणि मनात एक बेत होता.

बेत असा. बाबा पुढे राख ओढत जातील, मी मागून ती पुसत जाईन. न्हाणीत पोचलो की म्हणेन, बाबा, आज येताना मी पुढे. राख नाहीये. आता माझ्या कागदावर चला. आणि चारही तिठे न चुकता त्यांना बाहेर उन्हात आणून उभं करीन. मग बघू काय म्हणतात.

हे लिहिताना मला आज लाज वाटते. पण त्या दिवशी वाटत नव्हती. पहिल्या तिठ्यावर बाबांनी पट्टा ओढला, पुढे गेले, आणि मी फडकं ओलं करून तो असा घासला की राखेचं नाव राहू नये. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर बाबांनी मागे वळून विचारलं, "का गो मागं राहतेस?" मी म्हणाले, "बुटाची नाडी." चौथ्यावर मला हसूच येत होतं.

न्हाणीत पाणी नेहमीपेक्षा जास्त होतं. बाबा भिंतीच्या कडेने, एका आडव्या चिपेवरून चालत होते. चिप म्हणजे जांभ्याची फळी म्हणा, दाराएवढी. वर्षानुवर्षं त्या चिपेवरूनच जायचो आम्ही. पावसाने तिच्या खालची माती नेली असणार. बाबांनी पाय ठेवला आणि ती कलंडली. बाबा पाण्यात बसल्यासारखे खाली गेले, आणि चिप सरकून त्यांच्या उजव्या पायावर, भिंतीला टेकून उभी राहिली. आवाज फार झाला नाही.

मी खांदा लावला. पाठ लावली. दगड टोचून शर्ट फाटला, पण चिप तसूभर हलली नाही. बाबा एकदाही ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "थांब. उगाच ढकलू नको, हलली तर अंगावर येल." बॅटरी मारून बघितलं. नडगीच्या वर चिपेची धार बसली होती. पाण्यात थोडं रक्त होतं, फार नाही. पण बाबा बसले होते ते थंडगार पाण्यात, कमरेपर्यंत भिजून, आणि त्यांना उठता येत नव्हतं.

"दोघा-तिघांचं काम हाय," ते म्हणाले. "पहार लागंल. जा, राख धर आनि बाहेर जा. वाडीतल्यांना घेऊन ये. येताना हीच राख दाखव त्यांना, आता लपवून काय करायचंय?"

मी हो म्हणाले. त्यांच्या तोंडावर खरं सांगायचं धैर्य झालं नाही. माझ्याकडे नकाशा होताच. माझी जादा बॅटरी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लगेच बंद केली. "मला काय बघायचंय हितं?"

चौथ्या तिठ्यावर दोन तोंडं आहेत. वही उघडली, होकायंत्र हातावर धरलं. वहीप्रमाणे मला वायव्येला जायचं होतं. सुई हलली, थांबली, आणि तिने ज्या दिशेला वायव्य दाखवली तिथे नुसती भिंत होती. मी एक पाऊल मागे आले. सुई फिरली. भिंतीजवळ धरलं, परत फिरली. दोन तोंडांमधलं एक त्यातल्या त्यात जवळ वाटलं म्हणून त्यात शिरले.

सुरुवातीला वाकून चालता येत होतं. मग गुडघ्यांवर. मग पोटावर. मला वाटत होतं, येताना एवढं अरुंद नव्हतं, पण पाय पुढे ढकलत होते. मग डोकं वर करता येईना. खांदे दोन्ही बाजूंना टेकले. बॅटरी पुढे धरली तर समोर हातभर अंतरावर दगड. वाट संपली होती. वळायला जागा नव्हती. मागे सरकायला गेले तर शर्ट वर गोळा झाला आणि पोटाखाली खडे अडकले. मी थांबले. माझाच श्वास दगडावर आपटून तोंडावर येत होता. मी जोराने श्वास घेतला की छाती वरच्या दगडाला लागत होती, म्हणून लहान लहान घेत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण इथून गेलो नाही तर बाबाही जात नाहीत. आई संध्याकाळी आरडाओरडा करील, माणसं जमतील, ओटीपर्यंत येतील, आणि तिथून हाका मारतील. पुढची वाट त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नाही. आम्ही ठाऊक होऊ दिली नव्हती.

पायाच्या अंगठ्यांनी मागे ओढत ओढत मी किती वेळाने बाहेर आले सांगता येत नाही. कोपरं सोलली होती. दुसऱ्या तोंडातून गेले आणि तिसऱ्या तिठ्यावर पोचले. तिथे तीन तोंडं. सुईने परत तोच खेळ केला. मी एकात शिरले, बरंच चालले, उतरले, मनात म्हटलं आला आता दुसरा तिठा, आणि समोर अंधारात पाण्याचा टपटप आवाज.

"कोन हाय?" बाबांचा आवाज आला. "आली काय गो माणसं? लवकर आली."

मी पाण्यातून चालत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांचे दात वाजत होते.

"एकटीच?" ते म्हणाले.

"बाबा, राख नाहीये."

"म्हंजे?"

"जाताना मी पुसली. चारही. तुम्हाला नकाशा दाखवायचा होता."

मी मुद्दाम बॅटरी त्यांच्या तोंडावर मारली नाही.

"आनि कागद?"

"कागद चुकतो."

"बी.ए. झालीस ना?" ते म्हणाले. मग आणखी थोड्या वेळाने, "पहिल्या वर्गात?"

"दुसऱ्या."

"तरीच."

मला रडू फुटलं. त्यांनी चाचपून माझा हात धरला. त्यांची बोटं बर्फासारखी होती. "रडून काय व्हतंय? ऐक. मला राखेबिगर येत नाय, खरं सांगतो. येवढी वर्षं राख होती, म्हनून कदी ध्यानात ठेवलंच नाय. मी पन तुज्यासारखाच." मग एकदम म्हणाले, "पुसलीस कशानं?"

"ओल्या फडक्याने."

"घासून?"

"चांगली घासून."

"मंग घासलेलं भांडं येगळं दिसत नाय काय गो? बाकीच्या दगडाला धूळ हाय. जा, राख शोधू नको. पुसलेलं शोध."

मी परत चौथ्या तिठ्यावर गेले. या वेळी वही उघडली नाही. बरोबर तोंड मघाशी कळलं होतं, तरी खूण कशी दिसते ते बघायला दोन्ही तोंडांशी, डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर बॅटरी तिरकी धरली. एका तोंडाशी काही नव्हतं, नुसती धूळ. दुसऱ्याशी हाताच्या पंजाएवढा डाग होता, गडद, ओलसर. घळीत काही लवकर वाळत नाही. मी त्यावर हात ठेवला, गार लागला, आणि आत शिरले. तिसऱ्यावर तसाच डाग. दुसऱ्यावर डाग अर्धा वाळला होता पण काठ दिसत होते.

पहिल्या तिठ्यावर, माजघरात, काहीच नव्हतं. तिथे ओटीकडून वारा येतो, त्याने वाळवून टाकलं होतं. तीन तोंडं आणि तिन्हीशी सारखाच लालसर दगड. वारा आहे म्हणजे बाहेर जवळ आहे हे कळत होतं, पण तो तिन्ही तोंडांतून येतोय असं वाटत होतं. बॅटरी पिवळी पडली होती. मी ती बंद केली, म्हटलं जरा वाचवू, आणि अंधारात भिंतीला हात लावून उभी राहिले. जांभा दगड खरखरीत असतो, हात ओढला तर सोलतो. मी पहिल्या तोंडाच्या डाव्या बाजूला हात फिरवला. खरखरीत. दुसऱ्याच्या. खरखरीत. तिसऱ्याच्या बाजूला कमरेशी हात गेला आणि तो घसरला. तिथे दगड गुळगुळीत होता. पंजाएवढीच जागा. आमच्या मसाला वाटायच्या पाट्याचा मधला भाग असतो तसा.

ते मी त्या दिवशी पुसल्यामुळे झालेलं नव्हतं. ते बाबांनी माझ्या जन्माच्या आधीपासून, दर फेरीला, त्याच जागी फडकं घासून घासून झालं होतं. खूण राहू नये म्हणून.

मी बाहेर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डोळे उघडवत नव्हते. वाडीपर्यंत पळत गेले, ओरडत. वाडीत त्या दिवशी धडधाकट म्हणावी अशी माणसं किती असणार? दोन म्हातारे, पोलादपूरहून रस्त्याच्या कामाला आलेले तिघं, शेजारची काकी, आणि आई. आईने काही न विचारता चुलीतली राख पदरात घेतली. चाळली नाही. पहारी घेऊन सगळे आत आले. मी पुढे होते आणि प्रत्येक तिठ्यावर मूठभर राख भिंतीला फासत होते, गुळगुळीत जागी, कोळशासकट. सरपटायच्या जागी काकी मागून म्हणत होती, "आई गं, हितून जाता व्हय रोज? माज्या बापाला पन आनता आलं नसतं मला हितून." न्हाणीत बाबा डोळे मिटून बसले होते. आईने हाक मारली तर म्हणाले, "तू कशाला आलीस? तुला सर्दी हाय."

दोन पहारी लावून चिप उचलली. घोंगडीत घालून बाहेर आणलं, डोलीने खाली रस्त्यापर्यंत, तिथून गाडीने महाडला. पायाचं हाड मोडलं होतं. पाय राहिला. डॉक्टरांनी सळई घातली आणि सांगितलं, डोंगर चढू शकाल, पण वाकून-सरपटून काही नाही.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "येताना राख पुसलीस काय?"

"नाही. सगळे एकदम बाहेर आले. कोणाला आठवलं?"

मला वाटलं आता बोलतील. कान खाजवायला हात वर नेला तर सलाइनची सुई होती, म्हणून खाली ठेवला. मग म्हणाले, "राहू दे." आणि थोड्या वेळाने, "कागद का चुकला ते तरी कळलं काय?"

"दगडात लोखंड असतं. जांभ्यात तर फारच. ते सुईला ओढतं."

"हे कॉलेजात सांगितलं नाय?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "परीक्षेत मी लिहिलंही होतं. पाच पैकी पाच मार्क मिळाले होते."

बाबा एवढे हसले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

हिवाळ्यात मी त्यांना महाडजवळच्या सवला घेऊन जायचे. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी ते पाय सोडून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला घळीची गोष्ट सांगायचे. गोष्टीत राख पुसणारी मुलगी कधी नसायची. चिप पडली, मुलगी धावत गेली, माणसं आणली, एवढंच. मी एकदा म्हटलं, खरं सांगा की. तर म्हणाले, "खरं तू लिव. तू शिकलीस ना?"

आता लोकांना मी नेते. राखेचे पट्टे तसेच आहेत, वाडीतल्या कोणालाही दिसतील असे. पाणवठ्यावर रांगण्यावरून कोणी बोलत नाही, काकीही नाही. परीक्षांचे फॉर्म अजून भरते. घळीबाहेर असले तरी बंद खोलीत मला आता दाराजवळ बसायला लागतं. महाडला परीक्षेच्या वर्गात एकदा जागा खिडकीच्या बाजूला, दारापासून लांब आली, तर मी निम्मा पेपर दाराकडे बघण्यात घालवला.

नकाशा मी परत काढते आहे. होकायंत्र पेटीत ठेवलं. या वेळी दोरी. हातभर अंतरावर गाठ मारलेली लांब दोरी. बाबा करवंदीच्या जाळीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, एक टोक त्यांच्या हातात. मी दुसरं टोक घेऊन आत जाते, गाठी मोजते, वहीत लिहिते. दोघांपैकी कोणीही दोनदा ओढलं की थांबायचं, तीनदा ओढलं की मी परत यायचं. ओटी झाली, माजघर झालं, माळा झाला. माळ्याच्या पुढे चौथा तिठा आहे, आणि मग न्हाणी. लोकांना घेऊन मी तिथवर जाते, माझ्या मागे माणसं असतात, बोलत असतात. पण एकटी, दोरी धरून, चौथ्या तिठ्याच्या त्या दोन तोंडांसमोर उभी राहिले की मला त्या अरुंद वाटेतला माझाच श्वास ऐकू येतो आणि मी दोरी तीनदा ओढते.

काल बाहेर आले तर बाबा खुर्चीत पुढे वाकून भोकाकडेच बघत होते.

"आज कुठवर?"

"माळ्यापर्यंत."

"ते तर परवाच झालं."

"परत मोजलं."

"आनि न्हाणी?"

"न्हाणी नाही झाली."

त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत दोरी गुंडाळायला लागले. "मंग उद्या," म्हणाले.